झडतीवाली जयवंता

पोळा महिन्यावर आला, की जयवंता नवऱ्याला मारू लागायची.

लाटण्याबिटण्याचा लुटुपुटूचा मार नव्हे. हाताला लागेल ते घेऊन मारायची. एका साली मोटेच्या नाड्याचा तुकडा लागला, एका साली खुरप्याचा दांडा. एकदा तर गवारीने भरलेली पाटी तिने पुंजारामच्या डोक्यात अशी घातली, की त्याचा उजवा कान फाटला आणि मरेपर्यंत दोन पाकळ्यांचा राहिला. पुंजाराम मार खायचा, बोंबलायचा, वांग्याच्या वाफ्यांतून उड्या मारत पळायचा, पण उलटून हात म्हणून उचलायचा नाही. बाळापूरच्या खालच्या अंगाला, मन नदीच्या काठी वसलेलं बेलखुटी गाव बांधावर उभं राहून ही मजा बघायचं. पुंजारामची आई मनकर्णाबाई खाटेवर बसून ओरडायची, तीही सुनेच्याच बाजूने.

"हान त्याले, हान! पोया जवळ आला!"

गाव म्हणायचं, बुढीला चळ लागला. गावाला काय कळतंय!

झडती म्हणजे काय, ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी आधी सांगून टाकते, मग पुढे अडायला नको. पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडात बैल सजवून आखरावर नेतात. आखर म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली जोड्या उभ्या करतात, आणि तोरण तुटायच्या आधी माणसं खड्या आवाजात दोन-दोन ओळींची कवनं एकमेकांच्या अंगावर फेकतात. मागून सगळ्यांनी "हर बोला हर हर महादेव!" असा गजर करायचा. तीच झडती. बेलखुटीत बाजू दोन होत्या. एकीकडे खुशालराव पाटलांचं खटलं, त्यांच्याकडून त्यांचा सालदार, म्हणजे सालभराच्या बोलीवर ठेवलेला गडी, देवीदास झडती म्हणायचा. दुसरीकडे माळीपुरा, भाजी-फुलं पिकवून विकणारी घरं. त्यांच्याकडून पुंजाराम. आणि एक कायदा होता. नागपूरला बसून वऱ्हाडचा कारभार हाकणाऱ्या सरकारला तो ठाऊक नव्हता, पण बेलखुटीत सरकारच्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जायचा. झडतीला झडतीने उत्तर येईपर्यंत काठी खाली. उत्तर आलंच नाही, तर मग काठीला मोकळीक.

पुंजारामचा गळा असा, की नदीपलीकडच्या म्हशी मान वर करायच्या. एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. पण स्वतःचं म्हणून त्याला एक अक्षर सुचत नसे. झडत्या सगळ्या जयवंताच्या.

ती मोर्शीकडची. तिकडे संत्र्यांच्या बागा, आणि बागा म्हटल्या की पाण्याची पाळी आणि पाळीवरून भांडणं. तिचे काका-मामा पाटावर फावडी घेऊन उभे राहत आणि एकमेकांना यमकात शिव्या घालत. जयवंता परकर-पोलक्यात होती तेव्हापासून ते ऐकत मोठी झाली. लग्न होऊन बेलखुटीला आली, तेव्हा नवऱ्याला वाटलं, बायको मुकी आहे. पहिल्या श्रावणात त्याने चुकून तिच्या माहेरच्या बैलाला गाढव म्हटलं, तेव्हा त्याला कळलं, की ती मुकी नाही. ती चुलीतलं जळतं लाकूड घेऊन त्याच्या मागे लागली, आणि पळता पळता तिच्या तोंडून यमकात बसलेल्या दोन ओळी पडल्या. पुंजाराम पाठ भाजलेली विसरून जागच्या जागी उभा राहिला.

"थांब, थांब! काय म्हनलं तू? पुन्हा म्हन!"

कलावंताला निवांतपणा लागतो, असं शिकलेली माणसं सांगतात. जयवंताला निवांतपणा दिला की ती झोपायची. तिला लागायचा राग, आणि तोही पळणारा, धापा टाकणारा. पावलाला पाऊल, रट्ट्याला रट्टा, आणि त्या ठेक्यात ओळ यायची. हे ज्या दिवशी पुंजारामने ओळखलं, त्या दिवसापासून दर श्रावणात बायकोला चिडवणं हे त्याने शेतीच्या कामासारखंच नेमाने अंगावर घेतलं. झेंडूच्या वाफ्यात मुद्दाम बैल सोडायचा. तिचा आरसा विहिरीत टाकायचा. भाकरीचा घास तोंडाशी नेऊन म्हणायचा, "तुह्या मायच्या हातची पुरनपोई म्हंजे बैलाची झूल. खाता येत नाई, पन थंडीत पांघराले बरी." मग जयवंता उठायची. मग मार. मग ओळ. ओळ आली की काठी हवेतच थांबायची. ती ओळ पुन्हा म्हणायची, एखादा शब्द काढायची, एखादा घालायची; आणि तो रक्ताळलेला कान धरून तिच्यासमोर उकिडवा बसून पाठ करायचा. नंतर हळद तीच लावायची. या दोघांच्या संसारात लाड म्हणतात ते एवढेच, आणि त्यात दोघंही कधी उपाशी राहिली नाहीत.

हे फक्त मनकर्णाबाईला ठाऊक, असा दोघांचा समज होता. आखरावर बायकांनी मारुतीच्या पाराजवळ उभं राहून बघायचं असे. तिथे उभी राहून जयवंता आपले शब्द नवऱ्याच्या तोंडून ऐकायची आणि पदर तोंडात धरून हसायची. एकदा तर तिने मुद्दाम अशी केली:

"कांद्याच्या वाफ्यात पेरला लसून,
देविदास बोलते बायकोले पुसून!"

पुंजारामने ती म्हटली आणि माळीपुरा लोळला. देवीदास तेवढ्यापुरता लाल झाला, पण तो कच्चा गडी नव्हता. त्याने लगेच पुंजारामच्या फाटक्या कानावर अशी काही जुळवली की पाटलाकडची माणसं लोळली. वर्षामागून वर्षं असं चाललं. डोकी फुटत, नाही असं नाही. पण ती तोरण तुटल्यावर, दारू चढल्यावर. तोरणाखाली कायदा पाळला जाई.

मग ते शिंगाचं साल आलं.

खुशालराव पाटलांचा ढवळ्या म्हणजे मानाच्या जोडीचा बैल. तोरणाखालून पहिली जोडी त्याची. मानाचा बैल अंगाने धडधाकट हवा, हा रिवाज. शिंगमोड्या बैलाने मान घेतला तर गावावर रोगराई येते, असं लोक मानत. आणि त्या सालच्या ज्येष्ठात ढवळ्याची दुसऱ्या बैलाशी झुंज लागून त्याचं डावं शिंग निम्म्यातून मोडलं. पाटलांनी मान सोडायला हवा होता. त्यांनी सुतार बोलावला. बाभळीचं शिंग घडवून घेतलं, मोडक्या बुडख्यावर बसवलं, सांध्यावर वार्निश, टोकाला पितळेची शेंबी आणि शेंबीला रेशमी गोंडा. नदीवर पाटलांचा दुसरा एक गडी ढवळ्याला धूत असताना ते शिंग निसटून पाण्यात पडलं आणि बदकासारखं तरंगत गेलं. खाली धुणं धूत असलेल्या जयवंताच्या हाताशी ते येऊन लागलं. तिने ते परत दिलं. घरी येऊन तिने नवऱ्याला एवढं झोडपलं, की चिडवायची मेहनत त्याला त्या साली करावीच लागली नाही.

"अवो, म्या काय केलं?" पुंजाराम विचारत होता.

"तुमी नाई केलं, पाटलानं केलं! पन थो हाताले कसा लागंन?"

पोळ्याला पुंजाराम पुढे झाला, मिशीवरून हात फिरवला आणि नरडं सोडलं:

"पितळेची शेंबी, रेशमाचा गोंडा,
आंदर शिंग नाई, बाभयीचा ओंडा!"

"हर बोला" म्हणायचं लोक विसरले. सगळ्या नजरा ढवळ्याच्या कपाळावर. माळीपुऱ्यातला महादेवराव, पन्नाशीचा बाप्या, पुढे सरकला, गोंडा धरून त्याने हिसका दिला, आणि शिंग त्याच्या हातात आलं. तो ते वर धरून उभा राहिला, जणू लग्नातली समईच. हसण्याची एक लाट उठली.

आता सगळ्यांनी देवीदासाकडे पाहिलं. उत्तर द्यायचं त्याने. देवीदासाने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. काय उत्तर देणार? शिंग समोर होतं.

उत्तर आलं नाही. काठ्या आल्या.

पहिली काठी पुंजारामच्या तोंडावर बसली. तो खाली बसला तशा बाकीच्या त्याच्या पाठीवर, डोक्यावर, हातांवर पडल्या. पाटलांचा पुतण्या उत्तमराव बैल हाकायची तुतारी उलटी धरून, तिची टोकदार लोखंडी आर पुढे करून भोसकत होता. माळीपुऱ्याने बैल सोडून दगड उचलले. बैल उधळले. कुणाच्या पोटरीचा लचका शिंगावर गेला, कुणाची बोटं खुराखाली चेचली. जयवंता बायकांतून धावत सुटली, माणसांच्या पायांमधून रांगत नवऱ्यापर्यंत पोचली आणि त्याच्यावर पालथी पडली. तिच्या पाठीत बसलेले फटके तिला नंतर आठवले नाहीत. आठवलं ते एवढंच, की पुंजारामच्या तोंडातून रक्ताबरोबर तीन दात तिच्या ओंजळीत पडले, आणि जबडा हाताला लागेना. जिथे असायला हवा तिथे तो नव्हताच.

पारस स्टेशनपर्यंत बंडी, तिथून आगगाडीने अकोल्याचा सरकारी दवाखाना. डॉक्टरने तारा बांधल्या, पट्ट्या बांधल्या. पुंजाराम जगला. पण जबडा डावीकडे बसला तो बसलाच, जीभ जड झाली, आणि त्या नदी ओलांडणाऱ्या आवाजाचं एक ओलं, फेसाळ गुरगुरणं उरलं. ते फक्त आईला आणि बायकोला कळे. फौजदार चौकशीला आला, पाटलांकडे जेवला आणि बैल उधळले असं लिहून गेला. महादेवरावानेही बैलच उधळले म्हणून सांगितलं. त्याला दोन मुली उजवायच्या होत्या.

आता कुणाला वाटेल, की जयवंताकडे रागाची काय कमी! तिलाही तसंच वाटलं होतं. पोटात आग घेऊन ती मळ्यात फिरायची. मिरच्या कुटताना उखळात खुशालरावाचं तोंड बघून कुटायची, तुरीच्या पेंढ्या बडवताना उत्तमरावाची पाठ समजून बडवायची. ओळ येईल म्हणून थांबायची. शिव्या यायच्या. काळ्याकुट्ट, आईबापांपर्यंत जाणाऱ्या, एकीला दुसरी न जुळणाऱ्या शिव्या. झडती येत नव्हती. रस्त्यातून उत्तमराव जाताना दिसला की तिची दातखीळ बसे, आणि डोक्यात कुणी गोवऱ्या थापून ठेवल्यासारखं होई. खरा राग हा असा असतो. त्याला पाय नसतात, ठेका नसतो. तो नुसता बसून राहतो.

पुंजारामने हे तिच्याआधी ओळखलं. पुढचा श्रावण लागला तसा त्याने मेथीच्या वाफ्यात बैल सोडला. जयवंता गेली, बैलाचा कासरा धरला, बैल खुंट्याला बांधला आणि चुलीपुढे येऊन बसली. त्याने तिची नवी घागर तिच्या डोळ्यांदेखत फोडली. तिने खापऱ्या वेचल्या.

"हान की वं त्याले!" मनकर्णाबाई खाटेवरून रडवेली होऊन म्हणाली. "पोया आला न!"

"पोया येऊ द्या नाईतर जाऊ द्या. माह्या पोटात काई नाई."

मोडलेल्या जबड्याचं पुंजारामने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं, पण त्या दिवशी तो मोटेच्या विहिरीमागे जाऊन बसला आणि जेवायला आला नाही.

पोळ्याच्या आधीचा बाळापूरचा बाजार. जयवंता वांगी मांडून बसली होती, शेजारी बेलखुटीचीच शकुन झेंडूची फुलं घेऊन. आणि समोर देवीदास येऊन उभा राहिला.

"काय वं पुंजारामच्या बायको, वांगे कसे देल्ले?"

जयवंताने वर पाहिलं नाही. "तुले इकत नाई."

"नोको इकू. एक गोष्ट आयक. औंदा म्या एकबी झडती नाई केली."

"मंग मी काय करू? तुह्या दारात येऊन गया काढू?"

"कोनासाठी करू, सांग न? समोर हाय कोन? पाटील म्हन्ते, औंदा तू एकलाच म्हन अन् तोरन तोडू. एकलाच काय म्हनू? भितीसंग बोलू?"

"समोर जो होता त्याचं तोंड मोडलं न तुमी."

"मोडलं." देवीदास तिच्यासमोर उकिडवा बसला. "थेच सांगाले आलो. पयली काठी माही होती. समदे माह्या तोंडाकडं पाहून राहिले होते. तोंड चाललं नाई, त हात चालला."

तागडीत एका बाजूला वांगी होती, एका बाजूला शेराचं लोखंडी वजन. जयवंताने वजन उचललं आणि हातभर अंतरावरून त्याच्या कपाळावर मारलं. असा आवाज झाला, जसा कवठ आपटल्यावर होतो. कातडी फाटली, भुवईवरून रक्ताची धार सुटली आणि पांढऱ्या वांग्यांवर टपटप पडू लागली. शकुन किंचाळली. लोक धावले. जयवंताने दुसरं, अर्ध्या शेराचं वजन हातात घेतलं. आज हा इथून उठत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं.

देवीदास पळाला नाही. कपाळावर तळहात दाबून, एका डोळ्याने तिच्याकडे बघत तो बोलला. सवयीचा माणूस, बोलला तो चालीवरच:

"शेराचं माप माह्या टायक्यावर फुटलं..."

आणि जयवंताच्या तोंडून, तिने विचार करायच्या आत, निघालं:

"बरं झालं बाप्पा, भुसकट तं सुटलं!"

एक कांदेवाला खो-खो हसत सुटला, आणि लांबून कुणी तरी "हर बोला हर हर महादेव!" केलं. भर बाजारात, पोळा नसताना. जयवंता हातातल्या वजनाकडे पाहत राहिली. वर्षभरात तिला सुचलेली ही पहिली ओळ होती.

शकुनचं तोंड उघडंच राहिलं होतं. "अवो जयवंता, मंग इतके वर्सं थे समदं..."

"मले पयल्या सालापासून माईत होतं," देवीदास रक्त पुसत म्हणाला. "पुंजाराम झडती म्हनाच्या आधी बायांकडं पाहाचा. मीबी तिकडंच पाहून उत्तर देत होतो. पोयाले ये."

"येऊन काय करू? बाईमानूस हाय मी."

"थे मले नोको सांगू. मले टाके घालाले जा लागते."

घरी परतताना जयवंता वाटेने एकटीच बडबडत होती. बंडीवाल्याला वाटलं, उन्हाचा झटका आला. तिला इतकंच उमगलं होतं, की वर्षभर तिने ज्यांच्यावर दात खाल्ले ते उलट बोलणारे नव्हते, ते नुसते मारणारे होते. चेंडू भिंतीवर मारला तर परत येतो, शेणात मारला तर येत नाही. देवीदासाने तो परत मारला होता. माफ तिने त्याला केलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. पण त्याच्याशिवाय आपलं चालत नाही, हे तिला चांगलंच कळलं आणि त्याचाही तिला राग आला. हा राग मात्र पळणारा होता.

पोळ्याच्या दिवशी आखरावर पाटलांची माणसं काठ्या घेऊनच उभी होती. माळीपुरा आपले बैल घेऊन मान खाली घालून आला. देवीदासाने, कपाळावर काळा टाका मिरवत, महादेवाच्या नावाची एक मिळमिळीत झडती म्हटली आणि तो थांबला. जरुरीपेक्षा फार जास्त थांबला.

तेव्हा पुंजाराम पुढे झाला. हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं, जयवंताच्याही नाही. वाकडं तोंड उघडून त्याने जोर लावला. फेस आला, गुरगुर आली. उत्तमरावाने स्वतःचा जबडा हाताने डावीकडे ओढून तसाच आवाज काढला आणि त्याच्याकडची माणसं फिदीफिदी हसली. पुंजाराम तरी मागे सरेना. तो तसाच गुरगुरत उभा.

मारुतीच्या पारावरून आवाज आला. बारीक, चिरका, पण तोरणाच्या टोकापर्यंत पोचणारा:

"पऱ्हाटीले बोंड, बोंडात सरकी,
पाटलाची मानसं मुकी, काठी बोलकी!"

बाईने झडती म्हटली होती. गजर करायची कुणाची छाती होईना. शेवटी "हर बोला!" अशी फाटकी आरोळी ठोकली ती मनकर्णाबाईने, काठीवर रेलून, बोळक्या तोंडाने. तिच्या मागून मग माळीपुरा गरजला.

"बाईची झडती?" उत्तमराव काठी घेऊन पाराकडे धावला. "ओढा लेकाहो तिले खाली!"

"काठी खाली धरा, मालक!" देवीदास ओरडला. मालकाच्या पुतण्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल. "उत्तर बाकी हाय!" आणि श्वास घ्यायला न थांबता त्याने दिलं:

"हिरवी तूर, तुरीत दाना,
नवऱ्याचा पटका बायकोले द्या ना!"

हशा. गजर. उत्तमरावाची काठी अर्ध्यात थांबली, कायदा होता. जयवंता पाराच्या कडेवर आली. तिने पायाने ठेका धरला, रट्ट्याच्या वेळी धरायची तसा.

"पटका बी घेईन, तुतारी बी घेईन,
देविदासाले उत्तर मी उसनं बी देईन!"

आता माळीपुरा नाचायला लागला. देवीदासाने तोंड उघडलं. मिटलं. टाक्यावरून घाम ओघळला. वर्षभर काही न केलेला माणूस. होतं तेवढं पहिल्याच उत्तरात संपलं होतं. त्याने जयवंताकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मागच्या सालचं सगळं होतं.

उत्तमरावाने तेवढी वाट पाहिली आणि काठी चालवली. पुंजाराम मध्ये आला, पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसून तो कोलमडला. दुसरा जयवंताच्या डोक्यासाठी होता. तिने हात वर धरला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज पारावरच्या सगळ्या बायकांनी ऐकला. मागून आणखी काठ्या येत होत्या. माळीपुऱ्याने दगड उचलले होते. तिसऱ्या फटक्याला काठी वर गेली, तेव्हा जयवंता किंचाळली:

"थांब! देविदासाचं उत्तर हाय! मी देतो!"

देवीदासाच्या बाजूने, स्वतःच्या विरुद्ध, लोंबता हात दुसऱ्या हाताने धरून तिने म्हटलं:

"थोबाड झालं वाकडं, सुटला पुंजा बाई,
जयवंताले जबाब देनं आता त्याले नाई!"

पहिल्यांदा हसले ते खुद्द खुशालराव पाटील. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांची माणसं हसली. मग दगड हातात धरलेले माळी. उत्तर आलं होतं. ते कुणी द्यावं असं कायद्यात कुठेही नव्हतं. उत्तमराव काठी वर धरून उभाच राहिला, आणि अशा वेळी माणूस किती मूर्ख दिसतो ते सगळ्या गावाने बघून घेतलं. त्या गदारोळाने बैल बुजले, मानाची जोडी मानबीन न बघता उधळली आणि तोरण त्यांच्या शिंगात अडकून गावात गेलं.

लोक हसले म्हणजे शहाणे झाले, असं समजायचं कारण नाही. त्याच संध्याकाळी माळीपुऱ्यात दोघांची डोकी फुटली, आणि उत्तमरावाने जाता जाता पुंजारामच्या बरगडीत लाथ घातली ती घातलीच. पण जीव कुणाचा गेला नाही.

जयवंता घरी भिंतीला टेकून बसली. मनगटाला आंबेहळद आणि बांबूच्या कांबी. पोरंसोरं गल्लीतून ओरडत जात होती, "थोबाड झालं वाकडं!" प्रत्येक वेळी ती डोळे मिटून घ्यायची. पुंजाराम दुधात कुस्करलेली पुरणपोळी बोटांनी आत ढकलत होता. त्याला आता तसंच खावं लागे.

"तुमचं तोंड म्या चारचौघांत इकलं," ती म्हणाली. "ज्याईनं मोडलं त्याईलेच हसवलं. दुसरं काई सुचलंच नाई."

पुंजारामने हात झटकला. गुरगुरला. तिला वाटलं, तो रागावला. रागवायलाच हवं होतं. तो पुन्हा गुरगुरला, बोटाने नकार दाखवला. वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं, आणि एकेक अक्षर दातांच्या फटींतून ढकलत बोलला.

"थोबाड... नाई. ...खुंटा."

"काय खुंटा?"

"खुंटा... झाला... वाकडा."

जयवंताने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. खुंटा झाला वाकडा, सुटला पुंजा बाई. खुंटा वाकला की बैल सुटतो. पोळ्याला बैलच हवा. तोंडाचं नावसुद्धा नाही, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड सगळ्यांना दिसतंय. पुन्हा म्हणून पाहिलं. कुठून तरी खोट काढायला बघितलं. निघेना. इतक्या वर्षांत या माणसाला स्वतःचं म्हणून एक अक्षर सुचलं नव्हतं.

"एवढं डोक्यात होतं, त इतके वर्सं का झोपले होते?" ती कडाडली, आणि मोडका हात विसरून उठायला गेली, आणि कळ येऊन परत बसली. "मले आखरावर नाई सांगता आलं? समद्या गावात आता थोबाड-थोबाड झालं! आता कोन बदलीन थे?"

पुंजारामने वाटी उचलली. त्याचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं होतं. ते हसणं होतं, हे ओळखायला तिला अजून थोडा वेळ लागायचा होता.

"अवो सासूबाई," जयवंता खाटेकडे वळून म्हणाली, "त्या पोट्ट्याईले हाका मारा. म्हना, चुकीचं म्हनून राहिले. इकडं या, म्हना, नीट शिकून जा."

मनकर्णाबाईने दारात जाऊन हाका मारल्या. मुलं आली. पुढे बेलखुटीत ती झडती खुंट्याचीच म्हणून चालली. आणि ज्याने ज्याने जयवंताजवळ तिची तारीफ केली, त्याला तिने चिडून, पण न चुकता सांगितलं, की खुंटा तिचा नाही.